पद्मावतीचा दोनशे बारावा बग

मलकाजगिरीतल्या बिरादारांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक प्लायवूडचा फळा होता. त्यावर झारा, उलथनं, सांडशी, पळी, किसणी, लाटणं अशा सगळ्या वस्तूंच्या आकृत्या पिवळ्या रंगात रंगवलेल्या, आणि प्रत्येक आकृतीवर ती ती वस्तू खिळ्याला टांगलेली. हणमंतराव बिरादार हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झाले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी हा फळा केला. हँगरमध्ये पाने आणि पकडी अशाच टांगतात. संध्याकाळी एक नजर टाकली की रिकामी आकृती दिसते, आणि कुठला पाना परत आलेला नाही ते कळतं. तो सापडल्याशिवाय विमान उडत नाही. पद्मावतीची आई या फळ्याला सरकारी खूळ म्हणायची. पण अठरा वर्षांत आपल्या घरातली पळीसुद्धा हरवली नाही, हे शेजारणींना सांगणारीही तीच.

पद्मावती या फळ्यासमोर जेवत वाढली, त्यामुळे जे आहे त्यापेक्षा जे नाही ते तिला आधी दिसायचं. लग्नाच्या पंगतीत बसली तर कुणाच्या पानात मीठ वाढायचं राहिलंय हे तिला सगळ्यांत आधी कळायचं, आणि ती ते मोठ्यानं सांगायचीही. गौलीगुड्याजवळच्या मराठी शाळेत ती रोज तासभर सिटी बसनं जायची. तिथल्या बाईंनी प्रगतिपुस्तकावर लिहिलं होतं, 'हुशार आहे, पण हट्टी आहे.' हणमंतरावांनी त्यातला 'पण' खोडला, वर 'आणि' लिहिलं, आणि मग सही केली. अशा घरातून मऊ स्वभावाची मुलगी निघेल ही अपेक्षाच चुकीची होती.

तो काळ असा होता की हैदराबादेत ज्याला त्याला कंप्युटर शिकायचा होता. अमीरपेटेतल्या भिंती कोर्सच्या जाहिरातींनी भरून गेल्या होत्या. बारावी नापास झालेलाही अमेरिकेच्या गोष्टी करायचा आणि नोकरी सरकारीच हवी म्हणणारे बाप आता मुलांना खाजगी कंपन्यांच्या दारात नेऊन उभे करायचे. पद्मावतीनं बी.एस्सी. केलं, सहा महिन्यांचा कोर्स केला, आणि नव्व्याण्णव साली तिला हिमायतनगरला एका कंपनीत नोकरी लागली. साड्यांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, वीस-बावीस पोरापोरींची ती कंपनी एका परदेशी मालकासाठी कंप्युटरवरचे खेळ बनवायची. चपला बाहेर काढून आत जायचं. आतला एसी माणसांसाठी नव्हता, कंप्युटरांसाठी होता, म्हणून मे महिन्यातसुद्धा लोक स्वेटर घालून बसत. पद्मावतीचं काम काय, तर दिवसभर खेळायचं आणि चुका काढायच्या. उदगीरकडच्या सोयऱ्यांना हे ऐकून हसू आवरेना. चुका काढायला हिला पगार कशाला, ती तर फुकट काढते, असं एक मावशी म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

खेळातल्या चुकीला तिथं बग म्हणत. चूक सापडली की कंप्युटरवरच्या एका यादीत नंबर घालून लिहायची. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं ती दुरुस्त केली, की ती पुन्हा चूक नोंदवणाऱ्याकडे यायची. त्यानं तपासून 'बंद' असं नोंदवलं की विषय संपला. यात परदेशी मालकाचा एक कडक नियम होता. ज्यानं चूक उघडली त्यानंच ती बंद करायची, दुसऱ्या कुणाच्याही हातानं ती बंद होणार नाही, आणि यादीत एकही चूक उघडी असेल तोवर खेळ बाजारात जाणार नाही. नियम चांगला होता. फक्त तो करताना त्या मालकाला पद्मावती बिरादार माहीत नव्हती.

त्यांचा तेव्हाचा खेळ लढाईचा होता. कुठल्याशा काल्पनिक वाळवंटी देशात युद्ध चाललंय, आपण लढाऊ विमान चालवायचं, वीस मोहिमा करायच्या, शत्रूची विमानं पाडायची. मोहीम संपली की पडद्यावर आपल्या तुकडीचा फळा यायचा, त्यावर बारा पायलटांची नावं.

सहाव्या मोहिमेत पद्मावतीच्या शेजारून उडणाऱ्या, कंप्युटरनं चालवलेल्या जोडीदाराचं विमान पडलं. हे नेहमीच व्हायचं. जोडीदार उडी मारायचा, पांढरी छत्री उघडायची, आणि खेळणारा पुढच्या शत्रूमागे लागायचा. त्या दिवशी पद्मावतीनं पाठलाग सोडला आणि छत्रीभोवती घिरट्या घातल्या. माणूस खाली खाली आला, त्याचे पाय वाळूला लागले, आणि त्याच क्षणी तो पुसला गेला. ती तळावर परतली. फळ्यावर अकरा नावं होती. त्याचं नाव नव्हतं, आणि खालची नावं एकेक घर वर सरकली होती. मध्ये बोटभर जागासुद्धा मोकळी नव्हती.

तिला एकदम संताप आला. तो खेळावर होता की आणखी कशावर, हे तिचं तिला लगेच कळलं, कारण तिला दुसऱ्या शिडीची गोष्ट ठाऊक होती.

एकाहत्तरच्या लढाईत हणमंतराव पश्चिमेकडच्या एका तळावर होते. त्यांच्याकडे देखभालीला दोन माणसांचं विमान होतं, पुढे पायलट आणि मागे नेव्हिगेटर. दोघांना चढायला दोन वेगळ्या लोखंडी शिड्या. विमान गेलं की शिड्या तिथंच उभ्या ठेवायच्या आणि माणूस परत येऊन उतरल्याशिवाय त्या हलवायच्या नाहीत, असा त्यांच्या तुकडीचा रिवाज होता. एका दुपारी ते विमान आलं नाही. दोघांनीही उड्या मारल्या होत्या. तिसऱ्या दिवशी हेलिकॉप्टरनं पायलटला शोधून आणलं. पाय मोडलेला, पण जिवंत. हणमंतरावांनी पुढची शिडी काढली. नेव्हिगेटरसाठीही हेलिकॉप्टर दिवसामागून दिवस गेलं, जिथं जाता येत होतं ते सगळं धुंडाळलं, पण तो सापडला नाही. दुसरी शिडी त्या रिकाम्या जागेवर अकरा दिवस उभी होती. कुणा अधिकाऱ्यानं काढ म्हटलं नाही. पुढं तुकडीच दुसरीकडे हलली, शिडी ट्रकात चढवावी लागली, आणि ती चढवून झाल्यावर हणमंतराव ट्रकाआड जाऊन रडले. हे त्यांनी मुलीला एकदाच सांगितलं होतं, ती दहावीत असताना, फळ्यावरचे खिळे घट्ट करता करता.

पद्मावतीनं यादी उघडली. दोनशे अकरा चुका लिहून झाल्या होत्या. तिनं लिहिलं: 'दोनशे बारा. उडी मारलेला पायलट जमिनीवर पोचतो. त्यानंतर तो कुठे जातो?' आणि पुढच्या रकान्यात चुकीचं महत्त्व भरलं: पहिल्या प्रतीची, ही सुटल्याशिवाय खेळ बाहेर जाऊ नये.

दोन दिवसांनी उत्तर आलं. ते कंपनीतल्या सगळ्या कामाचं पाहणाऱ्या प्रमोद खऱ्यांचं होतं. हे खरे पुण्याहून आलेले, तिशीतले, नीटनेटके, वेळापत्रकाचे भक्त. माणूस वाईट नव्हता, हे आत्ताच सांगितलेलं बरं, कारण पुढे त्यांचा राग येईल. त्यांनी लिहिलं होतं, 'खेळ असाच आखलेला आहे. कृपया बंद करा.' पद्मावतीनं ते परत उघडलं आणि लिहिलं, 'मग आखणी चुकली आहे. त्याला आणायला कोण जाणार?' खऱ्यांचं उत्तर आलं, 'कोणी नाही.' त्यावर तिनं लिहिलं, 'कोणी नाही हे उत्तर चालणार नाही.'

असं सात वेळा झालं. ऑफिसला करमणूक झाली. कुणी चहाला जाऊन लवकर परतला नाही की त्याचा दोनशे बारा झाला, असं लोक म्हणू लागले. पद्मावतीही हसायची आणि पुन्हा उघडायची. मग तिनं नुसतं विचारणं सोडलं आणि कागदावर चार मोहिमा आखून दिल्या. पहिलीत धुराच्या खुणेवरून पडलेला पायलट शोधायचा. दुसरीत शत्रूच्या गाड्या त्याच्याकडे निघाल्यात, त्या अडवायच्या. तिसरीत हेलिकॉप्टर येईल तोवर डोक्यावर घिरट्या घालत पहारा द्यायचा. चौथीत ते सगळं एकदम. आणि फळ्यावरचं नाव पुसायचं नाही, त्याची जागा रिकामी दिसली पाहिजे, हे तिनं खाली दोन रेघा ओढून लिहिलं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांपैकी शिवराज तेवढा तिच्या बाजूला आला. तो गौलीगुड्याचाच, बापाचं कुलूप-कड्यांचं दुकान, आणि एका वाक्यात तीन भाषा बोलायचा. पद्मावतीपेक्षा तीन महिन्यांनी मोठा असूनही तिला अक्का म्हणायचा. खेळात हेलिकॉप्टरच नाही ही अडचण तिनं त्याला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "अक्का, तू परेशान नको होऊ. माल वाहायचं विमान हाय की आपल्याकडं. त्याचे पंख काढतो, डोक्यावर पंखा लावतो, उसमें क्या है." जेवणाच्या सुट्टीत त्यानं ते केलंही. पहिल्या दिवशी हेलिकॉप्टर उलटं मागे मागे उडालं, दुसऱ्या दिवशी पंखा स्थिर राहून खालचं धूडच गरगर फिरलं. आठवड्यानं ते सरळ उडायला लागलं, आणि त्याच दिवशी खऱ्यांनी पद्मावतीला काचेच्या खोलीत बोलावलं.

खरे तासभर समजुतीनं बोलले. करारात वीस मोहिमा ठरल्यात, त्यात वाचवायची एकही नाही. तिकडच्या लोकांनी ती मागितलेली नाही. खेळ दसऱ्याच्या आत द्यायचाय आणि सहाशेवर चुकांपैकी अडून बसलेली अशी ही एकच. पद्मावती अजून कायम झालेली नाही, या महिनाअखेरीला तिचं पत्र निघायचंय, हेही त्यांनी सांगितलं. धमकी म्हणून नाही, पण सांगितलं. आणि मग ते मुद्द्यावर आले.

"खेळणाऱ्याला विमानं पाडायची असतात, पद्मावती. माणसं गोळा करत कोण बसणार आहे?"

"सर, आपण पडलो तर कुणीतरी आणायला येईल, हे ज्याला माहीत असतं तोच बिनघोर पुढं जातो. माझ्या वडिलांनी लढाईत माणसं वर पाठवलीत. त्यांना विचारा."

खऱ्यांनी वडिलांना विचारलं नाही. त्यांनी कंप्युटर तिच्याकडे वळवला. पडद्यावर दोनशे बारा उघडा होता आणि बाण 'बंद' या शब्दाशेजारी लावून ठेवलेला होता. एकदा दाबायचं, बस. पद्मावतीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाही करणार, सर. तो माणूस वाळूत उभा आहे."

सोमवारपासून येऊ नका, असं खऱ्यांनी तिला सांगितलं.

हिमायतनगरच्या बसस्टॉपवर तिनं आपली बस दोनदा जाऊ दिली. खोटं कशाला सांगायचं, ती घाबरली होती. घरी आई कपाळाला हात लावून बसली. बिदरकडचं एक स्थळ नुकतंच चालून आलं होतं, त्यांना मुलगी नोकरी करणारीच हवी होती. खेळातल्या खोट्या माणसापायी खरी नोकरी घालवली, ही गोष्ट लोकांना सांगायची तरी कशी, असं आईचं म्हणणं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. हणमंतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"बंद केलीस का ती चूक?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, अप्पा."

"मग बेस झालं," ते म्हणाले आणि ताटावर बसले.

पुढचा दीड महिना पद्मावतीनं अमीरपेटेत एका क्लासमध्ये लोकांना माउस धरायला शिकवलं. ते काम तिला मुळीच आवडलं नाही. काही दिवस तर असे गेले की आपण उगीच हेका धरला असं तिला वाटायचं. एक बटण दाबलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? मग तिला तो फळा आठवायचा, वर सरकलेली ती अकरा नावं आठवायची, आणि राग पुन्हा पहिल्यासारखा तापायचा. त्या रागावरच तिनं ते दिवस काढले. बिदरचं स्थळ आपोआप थंडावलं, त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

एका रविवारी सकाळी शिवराजची स्कूटर दारात थांबली. मागे प्रमोद खरे बसले होते. मलकाजगिरीची धूळ त्यांच्या इस्त्रीच्या पँटवर चांगलीच बसली होती. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला पुढं केला. खऱ्यांनी तो संपेपर्यंत मान वर केली नाही, आणि मग जे झालं ते सरळ सांगितलं.

परदेशी मालकाकडे एक माणूस होता, तो यादीतली प्रत्येक नोंद पहिल्यापासून वाचायचा. त्यानं दोनशे बारा वाचला, सातही वेळचं उत्तर-प्रत्युत्तर वाचलं, आणि खऱ्यांना विचारलं की ही बाई म्हणते त्या चार मोहिमा कधी दाखवताय. आता खेळाच्या खोक्यावर त्याच मोहिमांचं चित्र छापायला घेतलंय. शिवराजच्या हेलिकॉप्टरला रंग दिला, दोर दिला, आवाज दिला. सगळं तयार आहे. सीडी मंगळवारी पाठवायची आहे, आणि सहाशे एक्केचाळीस चुकांपैकी सहाशे चाळीस बंद आहेत.

"दोनशे बारा तुमच्याशिवाय बंद होत नाही," खरे म्हणाले. "तुमचं बरोबर होतं. मी चुकलो." त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एक, ही चूक मिटली असं तिकडं कळवणारं संमतीचं पत्र, दुसरं पद्मावतीच्या कायम नोकरीचं. दोन्हींवर तिच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती. आई स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी खुणावत होती, कर, कर. पेन शिवराजनं उघडून दिलं.

पद्मावतीनं पेनाचं टोपण परत लावलं. न बघता सही करायची नाही, असं तिनं सांगितलं. उद्या येते, तपासते, मग बघू. आणि अप्पाही येतील. खऱ्यांनी विचारलं, वडील कशाला? ती म्हणाली, तपासणी त्यांच्याशिवाय पुरी होत नाही. दारातून निघताना खरे जरा थांबले आणि स्वयंपाकघरातल्या फळ्याकडे बघत राहिले.

सोमवारी हणमंतराव इस्त्रीचा बुशशर्ट घालून, बूट चकचकीत करून निघाले, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर ते बूट त्यांना दाराबाहेर काढावे लागले. मोज्यांवर आत आले. कुणीतरी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. मुलीच्या मागे हात पाठीशी बांधून ते उभे राहिले, आणि सगळं ऑफिस हळूहळू त्यांच्यामागे गोळा झालं.

पद्मावती खेळायला बसली. जोडीदार पडला, फळ्यावर त्याच्या नावाची जागा फिकी होऊन तशीच राहिली. तिनं मान हलवली. पहिली मोहीम झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. पायलट सापडत होता, हेलिकॉप्टर येत होतं, दोर सुटत होता, फिकं नाव पुन्हा उजळत होतं. शिवराज अंग चोरून हसत होता. चौथ्या मोहिमेआधी खेळ विमान निवडायला सांगायचा. त्यांत एक विमान दोन आसनांचं होतं, जड आणि संथ, म्हणून तपासणारे त्याच्या वाटेला जात नसत. मागे वडील उभे होते. पद्मावतीनं ते निवडलं.

विमान पडलं. तिच्या विमानातून दोन छत्र्या उघडल्या. मग खेळानं तिला जोडीदाराच्या विमानात बसवलं; पद्मावतीनं त्यातून पहारा दिला, शत्रूच्या गाड्या अडवल्या, हेलिकॉप्टर आलं, दोर सुटला, माणूस वर गेला. बँड वाजला, पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'मोहीम फत्ते' आलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं शिट्टीही मारली. खऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि संमतीचं पत्र टेबलावर ठेवलं.

हणमंतरावांनी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"पद्दू," ते म्हणाले, "मागचा कुठं हाय?"

टाळ्या थांबल्या. पद्मावतीनं दृश्य मागे नेलं, वाळवंटावरून, जिथून हेलिकॉप्टर उठलं होतं तिथपर्यंत. दुसरा माणूस तिथंच उभा होता. हेलिकॉप्टर दिसलं की हात हलवायचा, एवढं त्याला शिकवलेलं होतं. त्याच्यासाठी ते आलेलंच नाही, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तो रिकाम्या आकाशाकडे बघून हात हलवत होता. पद्मावती पडद्याकडे बघत राहिली, तो थांबत नव्हता.

शिवराजनं खाली मान घातली. आपण माणूस एकच धरला, विमानाला एक माणूस, असं तो पुटपुटला. खरे पुढे झाले. त्यांचा आवाज हलका होता, विनवणीचा होता. उद्या सीडी जायची आहे. ते विमान शंभरात एखादाच घेईल. पायलट तर आणलाय ना. "आणि शेवटी तिथंपर्यंत मागे जाऊन कोण बघणार आहे, पद्मावती?"

"मी बघितलं ना, सर."

तिनं यादी उघडली आणि सगळ्यांच्या देखत लिहिलं: 'दोनशे बारा. उघडा. मागे एक जण राहिला आहे.' संमतीचं पत्र तिनं उलटं करून ठेवलं आणि नोकरीचंही त्यावर उलटंच ठेवलं. आता ही मुलगी दुसऱ्यांदा नोकरी घालवणार, असं तिथल्या प्रत्येकाला वाटलं. तिलाही वाटलं. पण या वेळी ती घाबरली नाही.

खऱ्यांनी हणमंतरावांकडे पाहिलं, बापानं तरी पोरीला समजवावं म्हणून.

"साहेब, तुम्ही सावकाश करा," हणमंतराव म्हणाले. "मला घाई न्हाई. मी अकरा दिवस थांबलेला माणूस हाय."

त्या वाक्याचा अर्थ खऱ्यांना कळायचं कारण नव्हतं. पद्मावतीनं त्यांना काचेच्या खोलीत नेऊन तो सांगितला, थोडक्यात, त्या दोन शिड्यांसकट. खरे बराच वेळ टेबलाच्या कडेवर अंगठा घासत बसले. मग त्यांनी परदेशी फोन लावला आणि खेळ दोन दिवस उशिरा येईल असं सांगितलं. समोरचा माणूस चिडला असावा, कारण खरे दोनदा म्हणाले की हो, जबाबदारी माझी. वेळापत्रकाच्या त्या भक्तानं हे केलं, म्हणूनच त्यांच्याविषयी सुरुवातीला तसं सांगितलं होतं.

हे दोन दिवस हणमंतराव रोज मुलीबरोबर बसनं आले, बूट बाहेर काढले आणि आत बसून राहिले. शिवराजचं काम त्यांना काही कळत नव्हतं, पण कुणी काम करत असताना जवळ बसायची त्यांना सवय होती. पहिल्या प्रयत्नात हेलिकॉप्टरनं दोघांना उचललं, पण दोघांना एकाच जागेवर बसवलं, आणि नेव्हिगेटरचं डोकं छपरातून बाहेर आलं. हणमंतराव खळखळून हसले. आमचा मागचाही असाच उंच होता, असं ते म्हणाले. शिवराजनं त्या दिवशी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

बुधवारी दुपारी पद्मावती पुन्हा बसली. तेच जड विमान, त्याच दोन छत्र्या. हेलिकॉप्टर आलं. पायलट वर गेला. बँड वाजला नाही. हेलिकॉप्टर वळलं, वाळूवरून सावली टाकत पुढं गेलं आणि दुसऱ्या माणसाच्या डोक्यावर थांबलं. दोर सुटला. माणसानं हात हलवायचं थांबवलं आणि दोर धरला. तळावर पोचल्यावर फळ्यावरची दोन फिकी नावं एकापाठोपाठ उजळली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे हणमंतरावांकडे बघत होते.

पद्मावतीनं आधी मागे सोडून आलेल्या वाळवंटाकडे दृश्य नेलं आणि ते टोकापासून टोकापर्यंत तपासलं. तिथं कुणी नव्हतं. मग तिनं दोनशे बारा उघडला, बाण 'बंद'पाशी नेला आणि वडिलांकडे वळली.

"अप्पा, करू?"

हणमंतराव पडद्याजवळ वाकले. ती दोन नावं त्यांनी परत एकदा वाचली. काल्पनिक देशातल्या, कधीच न जन्मलेल्या दोन माणसांची नावं होती ती.

"काढ आता," ते म्हणाले. "दुसरी शिडी काढ."

तिनं बटण दाबलं. मग उलटे ठेवलेले दोन्ही कागद सुलटे केले आणि दोन्हींवर सही केली. हणमंतराव बाहेर जाऊन पायरीवर बूट घालत बसले. नाड्या बांधायला त्यांना बराच वेळ लागला, आणि कुणी त्यांना घाई केली नाही.